पलीकडे, सात मिनिटं

पाचवीच्या यादीत गौतमीचं नाव नव्हतं.
चौतीस नावं, खाली रेघ, रेघेखाली प्रतीक्षेतली नऊ,
त्यांतही नव्हतं.
मी काचेवरून बोट फिरवत राहिलो,
काचेला ग्रीसचा डाग पडला.
अजून असेल.

ब्रागांझा कारकून म्हणाला,
"अंतराचे गुण शून्य, पात्रांव.
तुमचं घर एकोणचाळीस किलोमीटर."
म्हटलं, माझं घर ते काय,
माडांमागं, निळ्या ताडपत्रीचं.
तो उठून खिडकीपर्यंत आला. बघितलं त्यानं.
"दिसतंय," म्हणाला. "पण रस्त्यानं मोजतात."

रस्ता म्हणजे चोडणहून मये, मयेहून डिचोली,
मग कुठून कुठून वळसे घेत रायबंदर.
त्या वाटेनं आमच्या बेटावरचं कोणी
औषध आणायलाही गेलेलं नाही.

मी फेरीबोटीवर खलाशी. अठरा वर्षं.
त्याच शाळेच्या पोरी
मीच उतरवतो रॅम्पवर, हात धरून,
शेवाळ असतं म्हणून.
वारा दक्षिणेचा असला की शाळेची घंटा
आमच्या पडवीत ऐकू येते.
त्या घंटेवर गौतमी दूध उतरवायची.

अपील करायचं ठरलं.
तीन प्रती, रेशनकार्ड, रहिवासी दाखला,
आणि 'कारण' या रकान्यात दोन ओळींची जागा.
बायको म्हणाली, लिहा, मधे नदी आहे.
मी लिहिलं, मधे नदी आहे.
दुसऱ्या ओळीत लिहिलं, नदीत बोट आहे.

सुनावणी पर्वरीला.
इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याच बोटीत
उतारू म्हणून उभा राहिलो,
हात कुठं ठेवावे कळेना.
दामू तांडेलानं उगाच भोंगा वाजवला.

टेबलापलीकडं तिघं. फोनवर नकाशा,
नकाशातली निळी रेघ पाण्याला भिऊन
लांबून लांबून चाललेली.
"बोट बंद पडली तर?"
मी पिशवीतून लॉगबुक काढलं.
मधल्या बाईंनी तेलकट पानं उलटली.
सुटली ७.०५, लागली ७.१२.
सुटली ७.२०, लागली ७.२७.
जुलैतलं पान उघडलं, तिथंही सात. एका दिवशी नऊ,
समोर शेरा: जलपर्णी.
"हे सरकारी दप्तर आहे?"
"हो बाई. पण नदी परिवहनाचं."
उजवीकडचे साहेब हसले,
मग हसू नये म्हणून पाणी प्यायले.

बाविसाव्या दिवशी पत्र आलं.
अंतराबाबतचे आपले म्हणणे ग्राह्य धरण्यात येत आहे.
तथापि.
तिथंच थांबलो मी.
ओहोटीच्या वेळी रॅम्प संपतो, पाय टाकावा
आणि खाली काही नसावं,
तसा तो शब्द.
चौतीसच्या चौतीस जागा भरल्या होत्या.

गौतमी आता मयेला जाते, कदंबच्या बसनं,
नदीकडं पाठ करून.
गणिताच्या बाई चांगल्या आहेत म्हणते.
असतीलही.

यंदाच्या अर्जात नवा रकाना आला:
'फेरीमार्गे अंतर'.
चोडणच्या पाच पोरी लागल्या.
त्यांनाही मीच उतरवतो.
पहिल्या दिवशी एकीची आई म्हणाली,
"नशीब बघा, यंदा सगळ्यांनाच मिळालं."
मी साखळी ओढत होतो.
हो म्हटलं.

रविवारी गौतमी बोटीवर येते,
लॉगबुक लिहायला मागते.
परवा पाण्याला ओढ होती,
मी अंदाजानं म्हटलं, आठ लिही.
तिनं घड्याळ बघितलं.
पेन तसंच वर धरलेलं.
"सात," म्हणाली.
"अंदाजानं लिहायचं नाही, बाबा.
हे दप्तर लागतं."