पाणी कुठवर आलंय

प्रशिक्षणात शिकवलं होतं :
तलफ म्हणजे लाट.
तिच्याशी झुंजू नका, तिच्यावर तरंगा,
वीस-तीस मिनिटांत ती आपोआप फुटते.

द्वारकेजवळच्या केंद्रात, खडखडत्या पंख्याखाली,
मी हे दौलत तांबटांना वाचून दाखवलं.
थरथरती बोटं मांडीखाली दाबून
ते म्हणाले, ताई, समुद्र मी पाहिलेला नाही.

मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.
(शांतता हाही उपचार, असं पुस्तकात आहे.
मला ती अजून जमत नाही.)

भांडीबाजारात दुकान आमचं.
गंगेला पूर आला की पोरगं पाठवायचं,
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय बघायला.
गुडघ्याला असेल तर धंदा चालू.
कमरेला लागलं की पितळ माळ्यावर.
छातीला आलं, शटर ओढायचं, निघायचं.
पुराला कोणी थोपवत नाही, ताई.
उतरतो तो.
मागे गाळ ठेवतो, तेवढा काढायचा.

शून्य ते दहाचा तक्ता
मी फाइलमध्ये परत सरकवला.

काल रात्री पावणेदहाला फोन :
छातीला आलंय.
पितळ?
पाकीट बायकोकडे दिलंय.
त्या गल्लीतून नाही आलो,
रविवार कारंज्यावरून लांबचा फेरा मारला.
आणि शटर?
पलीकडे कुकरची शिट्टी झाली,
कोणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.
ओढतोय, म्हणाले,
जरा गंजलंय.
तुम्ही बोलत राहा.