परिच्छेद सात

वेंगुर्ल्याच्या निरीक्षणगृहात मी हिशेब लिहायचो.
वीस मुलं, दोन काळजीवाहक, एक विहीर,
आणि सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र,
जो आमच्या मालमत्ता नोंदवहीत नव्हता.

त्या वर्षी मागणी पाठवली:
कलाशिक्षण, अडतीस हजार चारशे.
उत्तर श्रावणात आलं.
‘सदर बाब मंजूर लेखाशीर्षात बसत नाही.’
त्याच लखोट्यात काटेरी तारेसाठी
एक लाख नव्वद हजार.
तार चांगली निघाली. खाऱ्या वाऱ्यातही गंजली नाही.

तातू केळुसकर तरी यायचा, दर बुधवारी,
एसटीचं भाडं पदरचं घालून.
तीस वर्षं दशावतारात बायकांची सोंगं केलेली,
गुडघे गेलेले, आवाज तेवढा द्रौपदीचा राहिलेला.
जेवणघरातलं बाकडं मधोमध ओढून म्हणायचा,
‘ह्यां सिंहासन. राजा कोण आसा, तेणां बसाचां.’
कोणी बसेना.
पाठ काय करायचं, एकानं विचारलं.
‘काय्येक नाय. हयसर लिवलेलां नसतां.
कथा म्हायत आसली की झालां. बोलणां तुजां.’

तेव्हा कोपऱ्यातला एकजण उठला.
त्याचं नाव सांगता येत नाही. तसा कायदा आहे,
आणि तो मला पटतो.
वय सोळा. बंदरावरून होडीचा पंखा चोरल्याची नोंद.
त्याची जबानी माझ्याच कपाटात होती:
साडेतीन पानं, वळणदार अक्षर, हवालदाराचं.
‘मी सदर ठिकाणी सदर वेळी’
असं तो जन्मात बोलला नसेल.
सही तेवढी त्याची.

बाकड्यावर बसून तो म्हणाला,
‘मी राजा. माका भूक लागली.’
पोरं हसली.
तातू हसला नाही. पदर सावरल्यासारखा हात करून
बाईच्या आवाजात विचारलं,
‘महाराज, कधीपासून?’

मग तो बोलत राहिला.
मी कॅशबुक मिटून घेतलं.

दिवाळीच्या तोंडावर तातूच्या पेटीतले रंग संपले.
सफेदा अर्धा किलो, पिवडी, हिंगूळ, काजळ, खोबरेल.
बाराशे साठ रुपये.
मी लिहिलं: इमारत देखभाल, भिंत रंगकाम.

शिरगुप्पे बाई तपासणीला कोल्हापूरहून आल्या.
कडक नव्हत्या, अचूक होत्या.
‘अर्ध्या किलोत कुठली भिंत रंगवली?’
उत्तर तयार ठेवलं होतं, ऐनवेळी आठवेना.
म्हणालो, ‘रंगवली होती. रात्री धुतली.’
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
परिच्छेद सात: वसूलपात्र.
तीन हप्त्यांत पगारातून गेले.

यात शौर्य काही नाही.
तारेचं बिलही मीच काढलं होतं,
एका दुपारी, एका बैठकीत.

तो सुटला. मुदत भरल्यावर
त्याचे कागद नष्ट करायचे, हाही कायदाच.
मागच्या आवारात, माडाच्या सुक्या झापांबरोबर
साडेतीन पानं भुरकन गेली.
फोटो जरा रेंगाळला.

तातू मागच्या शिमग्यात वारला.
त्याच्या मानधनाचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

मी निवृत्त. जत्रेला जातो,
पहाटेपर्यंत बसतो, थंडीत कानाला मफलर बांधून.
काळ्या झग्यातला संकासूर उड्या मारत येतो,
राजे येतात, बाकड्यावर बसतात, भांडतात.
रंगाखाली कोण ते ओळखू येत नाही.
एकदा एका राजानं मध्येच, कथेत नसताना,
‘माका भूक लागली’ म्हटलं, आणि मी उभा राहिलो.
मागच्यांनी ओरडून खाली बसवलं.
असेलच असं नाही. भूक कुणालाही लागते.

लेखा आक्षेप मात्र जाळत नाहीत,
ते कायम जपून ठेवतात.
तेव्हा सरकारदरबारी त्याचं एवढंच उरलंय:
सफेदा, अर्धा किलो.
भिंत कोणती, ते नमूद नाही.
खुलासा असमाधानकारक.