हातचा

शाखा उघडून दहा मिनिटं झाली असतील,
मिसेस थर्लो आल्या. ग्रिम्सबीच्या गोदीवरचं वारं
दाराबरोबर आत आलं, आणि हातांना मासळीचा वास,
तीनदा साबण लावूनही उरणारा.
त्या दर वेळी त्याची माफी मागतात,
मी दर वेळी म्हणतो, मला सर्दी आहे.

पर्समधून निघालं चार घड्यांचं कात्रण:
नियमित बचत, सात टक्के.
शेजारी आमचंच पत्रक: साडेचार, हवे तेव्हा काढा.
"सात मोठे की साडेचार, नेव्हिल?
शाळा मी लवकर सोडली, पण एवढं कळतं मला."

चोवीसशे पौंड.
रॉयस्टनची छोटी बोट विकून आलेले.
बोटीचं नाव मी विचारलं नाही,
त्यांनीच सांगितलं, आणि मग खिडकीकडे पाहिलं.

मी कागद ओढला.
या सातात एक मेख आहे, म्हटलं.
ते महिन्याला दोनशेच घेतात, एकदम नाही.
जानेवारीचे दोनशे वर्षभर राबतात,
फेब्रुवारीचे अकरा महिने,
आणि डिसेंबरचे बिचारे
कामावर येऊन कोट खुंटीला लावतात
तोवर भोंगा वाजतो.

हसल्या. भोंगा त्यांना कळतो,
एकतीस वर्षं पट्ट्याशी उभ्या आहेत
हॅडॉकचे काटे काढत.

"म्हणजे एकशे अडुसष्ट नाहीत?"
एक्याण्णव.
"आणि हे साडेचारवाले?"
एकशे आठ.
बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिल्या,
वजनकाट्यावर कुणी हळूच बोट ठेवल्यासारखं.
"खोटं छापलंय मग."
खोटं नाही, मिसेस थर्लो.
खरंच आहे. हळूहळू खरं आहे.

मग मी त्यांना ते सांगितलं
जे पत्रकावर कुणी लिहीत नाही:
सगळे आधी साडेचारात ठेवा,
तिथून महिन्याला दोनशे साताकडे धाडा.
जे वाट पाहतात तेही रिकामे बसत नाहीत.
एक्याण्णव अधिक एकोणपन्नास.
एक आणि नऊ दहा, शून्य खाली,
वर एक बारीकसा एक.

"तो वरचा कुणाचा?"
हातचा.
"मग तो हातातच राहू दे," त्या म्हणाल्या,
आणि मला वाटलं गंमत करताहेत.

"चारशे हलवायचे नाहीत. दहा हप्ते झाले की थांब.
केस्टर अ‍ॅबर्डीनहून रात्री फोन करतो कधीकधी.
कशाला, ते मी विचारत नाही.
सकाळपर्यंत थांब म्हणायची वेळ एकदा आली होती."

मग एकशे चाळीस भरणार नाहीत.
"नाही भरले तर नाही."

फॉर्म भरला. सही करताना
आडनावाच्या शेवटच्या अक्षराशी त्या जरा थबकल्या,
अजून दोघांची करावी तशी.
बँक आपोआप वळवेल दर महिन्याला, मी म्हटलं,
तुम्हाला यायची गरज नाही.
"आपोआप नको. मी येईन.
पहिल्या मंगळवारी. तेवढंच चालणं होतं."

माझ्या खणात एक छापील नोटीस आहे,
शुक्रवारी दारावर लावायची.
तीस जूनला ही शाखा बंद.
काउंटरखाली बोटांवर मोजलं:
हा धरून सहा मंगळवार.
चार हप्ते उरतील.

सांगायला हवं होतं.
पावती फाडून दिली, तारीख पुन्हा तपासली,
पेनाचं टोपण शोधलं, ते पेनालाच होतं.
त्या हातमोजे चढवत होत्या, एकेक बोट.

पत्रकाची घडी तिथेच विसरल्या.
दुपारपर्यंत काउंटरला वास होता,
मिठाचा, थंड लोखंडाचा.
मला कधीच सर्दी नव्हती.