गुरुवारचा जादा तास

सकाळचं सगळं रीतसर असतं.
सप्तकं, मग बोटांचे व्यायाम, मग चौघाचौघांचं वादन.
दुपारचा तास माझा.
वेळापत्रकात त्याचं नाव भारदस्त आहे,
मुलं त्याला पेंगेचा तास म्हणतात,
आणि जेवण अंगावर आलेलं असताना
मी तरी त्यांना खोटं कसं पाडू?

हिर्विलाम्पीच्या शाळेत जुलैमध्ये
रात्र फक्त नावाला येते.
अकरा वाजता तळ्यावर लख्ख उजेड.
मुलं झोपत नाहीत, डास झोपत नाहीत,
वरच्या मजल्यावर कुणीतरी चेलोवर एकच सूर
करवतीसारखा ओढत बसतं.

सोमवारी मी त्यांना तालावर चालायला लावलं,
पायांत तीन, टाळ्यांत दोन.
ओनेर्वा बाकावर आपटली आणि हसली.
मंगळवारी डोळे मिटून ऐकणं. चौघं घोरली.
बुधवारचं सोडा.

गुरुवारी उर्पो कार्प्पिनेन आला,
वाद्यं दुरुस्त करणारा, सत्तरीचा,
अंगाला सरसाचा वास,
काखेत तांदळाची पिशवी.
"वाद्याला आंघोळ घालायची नसते," म्हणाला,
"तांदूळ चारायचे."

मूठभर कोरडे दाणे नागमोडी फटीतून आत,
मग वाद्य हलकेच डोलवायचं, पाखडल्यासारखं,
मग उपडं.
अकरा वाद्यांतून निघालं ते असं:
राळेची पूड, गजाचे तुटके केस, पाइनची सुई,
एक वाळका डास,
आणि आल्माच्या व्हायोलिनमधून दुधाचा दात,
जो आपला नाही असं तिने शपथेवर सांगितलं.

पेस्सी नऊ वर्षांचा.
त्याचा व्हायोला नगरपालिकेचा, पाठीवर आकडा चौदा.
चार दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.
मान हलवायचा, तीही काटकसरीने.
त्याच्या व्हायोलातून कागदाची सुरळी पडली,
विडीएवढी.

उर्पोने ती चिमट्याने उलगडली, माझ्याकडे देऊ लागला,
तेवढ्यात मध्ये पेस्सीचा हात आला.
आणि त्याने वाचलं, मोठ्याने,
फार दिवस न उघडलेल्या दाराच्या आवाजात:
"सोमवार, ठीक. मंगळवार, ठीक.
बुधवार, घरी जायचंय."
मागची बाजू कोरी.
नाव नाही, साल नाही. शाई उडालेली, जांभळट.

"आणि गुरुवारी?"
मला विचारलं, उर्पोला की त्या चौदा आकड्याला,
कळलं नाही.
बाहेर कुणीतरी होडीत वल्ही टाकली.

उर्पोने उत्तर दिलंच नाही.
छोटा आरसा फटीतून आत सरकवला, म्हणाला, बघ.
काडी दिसते? स्प्रूसची, करंगळीहून बारीक.
तिला सरस नाही, खिळा नाही.
वरची फळी दाबते, खालची रेटते,
एवढ्यावर उभी आहे.
ती पडली की तारा असतात, घोडी असते,
आवाज मात्र पुठ्ठ्याच्या खोक्याचा.

पेस्सी बराच वेळ बघत राहिला.
घंटा झाली, बाकीची दहाजणं तळ्याकडे पळाली.
मग त्याने माझ्याकडे पेन्सिल मागितली,
शब्दांनी मागितली, मी मोजले, तीन होते,
आणि कागदाच्या तळाशी लिहिलं:
गुरुवार, वाटाण्याचं सूप.

"परत आत टाकलास तर खरखरेल," उर्पो म्हणाला.
"खरखरू दे."

शनिवारी मैफल झाली. मी मागच्या भिंतीशी उभी होते.
व्हायोलांच्या रांगेत काही खरखरलं का
ते सांगता येणार नाही,
कुणाची तरी आई सारखी खोकत होती.

तांदूळ मात्र बाकांखाली, खिडकीच्या खाचेत,
रेडिएटरमागे निघत राहिले.
ऑगस्टात शाळा झाडायला आलेल्या सिर्क्काने
सुपली माझ्यापुढे धरली आणि विचारलं,
इथे लग्न कुणाचं लागलं होतं?