कमाल मर्यादा

बाबा वजनमापे खात्यात होते.
मांडवीच्या चारी अंगांनी दुकानादुकानात शिरून
पितळी वजनं तळहातावर घ्यायचे, शिक्का मारायचे,
आणि रात्री आमटी ओरपत सांगायचे,
काटा खोटं बोलत नाही गं. काटा थकतो.

मी नऊ वर्षांची झाले
आणि त्यांना घरातच एक दुकान मिळालं.
पहाटे तीनला माझं बोट टोचायचे
स्वतःचं टोचल्यासारखं तोंड करून.

आता कमरेला पंप, दंडावर सेन्सर,
आणि फोनमध्ये मी अकरा रात्री जागून बसवलेला,
कुठल्याही कंपनीची सही नसलेला
एक कारकून.
दर पाच मिनिटांनी आकडा वाचतो,
इन्सुलिनची धार किंचित वाढवतो, किंचित आवरतो,
मी झोपेत असताना.

पहिले दोन महिने त्याला नुसतं बोलू दिलं.
किल्ल्या माझ्याकडे.
तो म्हणायचा, इतकं द्या.
मी वहीत लिहायचे, त्याचं डावीकडे, माझं उजवीकडे.
डॉक्टर बक्षींनी वही उलटसुलट पाहिली.
हे मी लिहून देऊ शकत नाही, म्हणाले.
मग खुर्ची पुढे ओढून,
पण हा एका वेळी जास्तीत जास्त किती देऊ शकतो?
बाबांनीही तेवढंच विचारलं होतं.

मी आकडा कमी लिहिला.
चिडचिड व्हावी इतका कमी.
बासुंदीनंतर दोन तास साखर वर राहिली तर राहू दे,
त्याच्या एका चुकीत
माझी सकाळ बुडू नये.

कारण चुका होतात.
मी दंडावर झोपले की सेन्सर दबतो
आणि अठ्ठेचाळीस म्हणून किंचाळतो.
बोट टोचलं, एकशे बारा.
आईने कालवलेलं साखरपाणी
ओट्यावर तसंच.

उत्तरायणाला गच्चीवर उलटं झालं.
नळी आत वाकली होती.
तीनशे, तीनशे चाळीस,
कारकून इमानाने देत होता, माझ्यापर्यंत पोचत नव्हतं,
आणि मी आलेखाकडे बघत पतंगाला ढील देत बसले.
ओकारी आली तेव्हा कळलं.
त्या दिवसापासून नियम साधा आहे,
साखर हट्टाला पेटली तर यंत्राशी वाद नको,
फ्रिजमधलं पेन काढायचं, नळी बदलायची, कीटोन बघायचे.

आणि नवरात्र.
गरब्याच्या दोन तास आधी मी लक्ष्य वर सरकवते,
फोन चणियाच्या आतल्या खिशात,
ग्लुकोजच्या गोळ्या फाल्गुनीच्या बटव्यात.
तिला पाठ आहे, मी उगाच हसायला लागले
की हाताला धरून रिंगणाबाहेर काढायचं.
पाचव्या रात्री काढलं.
बाण सरळ खाली. पंप कधीच थांबला होता,
पण जे आधी रक्तात गेलं
ते परत बोलावता येत नाही.
मैदानाच्या कडेला चपलांच्या ढिगाशेजारी
पंधरा मिनिटं बसून राहिले.
समोर हजार माणसं एका दिशेने वळत होती,
एकाच वेळी टाळी देत होती.
माझ्या तोंडात संत्र्याची खोटी चव.

दर पाडव्याला बाबा फेरतपासणी करतात.
श्रीखंडाच्या आधी.
मोतीबिंदूचे डोळे बारीक करून
एकेक रकाना मोठ्याने वाचतात, मी हो म्हणते.
यंदा एका ओळीवर बोट थांबलं.

हा कोणी वाढवला?

मीच.
मावसबहिणीच्या लग्नात, पंगतीत,
दोन दिवसांपुरता.
लग्न मार्गशीर्षात होतं.

बाबा काही बोलले नाहीत.
चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले,
बराच वेळ,
मी आकडा खाली आणेपर्यंत.