बाहेरची काच

कंपनीची लेन्स एक लाख ब्याऐंशी हजार.
बाहेरची बासष्ट.
मधल्या एक लाख वीस हजारांत
इर्शादचा वर्षाचा पगार बसतो,
आणि तो समोरच उभा आहे,
काही न बोलता बॅटऱ्या चार्जिंगला लावत.

दोन दिवसांसाठी मागून आणली मी बाहेरची,
कुपवाडच्या एका ओळखीच्याकडून.
माउंटवर फिरवली. टक्.
कंपनीच्या लेन्सचा आवाज भरीव असतो,
भारीतल्या कपाटाच्या दारासारखा.
हिचा, भाड्याच्या खोलीच्या कडीसारखा.
पण कडी लागली.

सकाळी मार्केट यार्डात गेलो,
पोती उतरायच्या आत.
समोर अडत दुकानाची रंगवलेली भिंत:
धनपाल आप्पा मगदूम आणि कंपनी,
हळद, गूळ, बेदाणा.
ट्रायपॉड लावला, टू पॉइंट एटला उघडली.
मधे आप्पांचं नाव असं उमटलं
की रंगाचे पोपडे मोजून घ्यावेत.
कोपऱ्यात मात्र ‘कंपनी’ पुसट.
इर्शाद हसला,
‘ताई, हिला बरोबर माहितीय
कुणाशी वैर आहे ते.’

रात्री मी हिशेब घेऊन बसले.
उद्या कॅमेऱ्याला अपडेट आलं
आणि त्यानं हिला ओळखच दाखवली नाही तर?
ऐन मंगलाष्टकांत ही फोकस शोधत राहिली,
पुढे, मागे, परत पुढे,
अंधारात चप्पल शोधणाऱ्या पायासारखी?
अक्षता काही दुसऱ्यांदा पडत नाहीत.
शिवाय जरा पिवळी आहे.
पांढरा सदरा सायीसारखा येतो.
हळदीच्या गावात कोण बघतंय,
अशी मी माझी समजूत घातली
आणि मग माझीच मला लाज वाटली.

बुधवारी अण्णांना मिरजेला नेलं.
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू.
काउंटरवरच्या बाईनं कार्ड पुढे सरकवलं:
भारतीय आठ हजार, परदेशी अठ्ठावीस,
त्याच्या वरची पन्नास.
‘लेन्स कुठली घालायची?’
अण्णा कार्ड नाकाशी धरून वाचत राहिले,
चाळीस वर्षं निगेटिव्ह धरायचे तसं,
दोन बोटांत, कडेनं.
मग म्हणाले,
‘मूळ कंपनीची मिळंल का?’

बाई माझ्याकडे बघायला लागली.

भारतीयच घातली. वीस मिनिटं लागली.

पट्टी निघाल्यावर घरी जायच्या आधी
त्यांना स्टुडिओतच यायचं होतं.
भिंतीवरच्या आपल्याच फोटोंपुढे उभे राहिले.
उजवा डोळा झाकला. डावा झाकला. परत उजवा.
‘निळे झालेत की गं सगळे.’

गेली दहा वर्षं प्रिंटचे रंग तेच बघत होते.
पिवळं दिसलं की पिवळं काढायचे.
देशिंगच्या नवरीचा शालू,
कवठ्याच्या जुळ्यांचं जावळ,
बँकेच्या चेअरमनचं टक्कलसुद्धा,
सगळ्यांतून काढलं.
ते पिवळं त्यांच्या डोळ्यात होतं.
गिऱ्हाइकांपैकी कुणीच कधी बोललं नाही.
मीही नाही. मला वाटायचं, अण्णांची स्टाइल.

आईच्या फोटोपाशी जास्त वेळ थांबले.
‘हिला थंडी वाजत असंल इथं,’ म्हणाले,
आणि खुर्ची ओढून बसले.

मग टेबलावरची लेन्स उचलली,
ट्यूबलाइटकडे धरली,
उजवा डोळा मिटून.
तो अजून मूळ कंपनीचाच आहे.
‘पिवळी हाय जरा.’
‘किती?’
‘सांगून ठेवण्याइतकी.’
रिंग फिरवली, कानाशी नेऊन हलवून पाहिली,
आत काही खुळखुळतंय का.
‘कोपऱ्यात पुसट येतं,’ मी म्हटलं.
‘मग नवरीला कोपऱ्यात कशाला उभी करतीस?’

रविवारी भोस्याला लग्न आहे, हॉलमध्ये दिवे कमी.
इर्शादला म्हटलं, पैसे पाठव.
कुठल्या लेन्सचे, त्यानं विचारलं नाही.