पाठ

सेतूबालच्या दफनभूमीसमोर ओदेतेचं फुलांचं दुकान.
गल्ल्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात वही, वहीला रबर,
आणि बावीस वर्षांची गिऱ्हाइकं:
सोळा आकडे, महिना, साल,
शेवटी कार्डाच्या पाठीवरचे तीन,
लाल शाईत, चुकू नयेत म्हणून.

तेल्मो आला लिस्बनहून, बँकेचं पत्र घेऊन.
पोरगेलासा, बुटांना ओली माती.
वही उघडली आणि
न्हाणीघराचं दार चुकून लोटावं तसा मागे सरला.
“हे तीन तर कुणीच, कधीच लिहून ठेवायचे नसतात, सेन्योरा.”

“मग दर महिन्याच्या कार्नेशनचे पैसे कापू कसे?
म्हातारी माणसं. फोनवर आकडे सांगतात, मी टिपून घेते.
आजवर एक सेंट इकडचा तिकडे नाही.”

“तुम्ही नाही करणार.
डबा उचलून नेणारा करेल.”

यावर ती काही बोलली नाही.
डब्याला कडीसुद्धा नव्हती.

मग त्याने समजावलं. खरा आकडा त्यांच्याकडे कुलपात,
तुमच्याकडे नुसतं टोकन,
चोराने नेलं तरी एक पाकळी हाती लागायची नाही.
कुलूप एकीकडे, चावी दुसरीकडे,
आणि चावी कुणाकुणाकडे, त्याचीही नोंद.
शाव, म्हणाला तो.
हाच शब्द कधीकाळी जहाजातून उतरून
आमच्याकडच्या बायकांच्या कमरेला लटकला होता.

कागद कापायचं यंत्र भाड्याचं.
उभं-आडवं कापत पानं खाली पडत राहिली.
बाल्ताझारच्या पानाशी ओदेतेने हात धरला.
तो नोव्हेंबरात गेला. कार्ड जूनपर्यंत जिवंत.
“हे बंद करा,” तेल्मो म्हणाला.
“त्याच्या बायकोची फुलं?”
तो यंत्राकडे बघत राहिला.
“बरं. फुलांचं मी बघते.”

शेवटी तिनेच विचारलं, अगदी मनापासून धास्तावून,
“आणि जे पाठ आहेत त्यांचं काय?”
त्याने फॉर्म खालीवर चाळला. तसा रकाना नव्हता.
एका कोपऱ्यात लिहिलं: लागू नाही.

हल्ली गिऱ्हाईक मशीनवर बोटं ठेवतं तेव्हा
ओदेते पाठ फिरवून खिडकीबाहेर बघते,
खोलीत कुणी सदरा बदलत असावं तशी.

आणि रात्री कांदा चिरताना
ओठांवर येतात ते, चार, मग चार,
मधला एखादा गळतो.
ती शोधायला जात नाही.